हार्डडिस्कवरचं कुंकू

माळ्यावरून गाठोडं ओढलं तेव्हा आधी वास खाली आला. डांबरगोळ्या, कापूर आणि त्यांच्या तळाशी कुठेतरी साच्याचं तेल. साचा म्हणजे गिरणीतला माग. आमच्या घरात माग हा शब्द कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. गाठोडं बांधलं होतं तेही गिरणीतलंच मांजरपाट, चाळीस वर्षांनी कढीच्या रंगाचं झालेलं. लालबागची ही खोली महिन्याभरात रिकामी करायची होती आणि माळा तेवढा शेवटी ठेवला होता. माळा आवरायचा म्हटलं की घरातली सगळी माणसं एकदम दमतात.

"बाबा, खालून जरा धरा," मी शिडीवरून म्हटलं.

गाठोड्याच्या फटीतून काळी वायर लोंबत होती. ती पाहून बाबा दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ता माका सांगू नको गो. मी हात लावचंय नाय."

आता त्यांचं वय ब्याऐंशी, माझे गुडघे त्रेपन्न. मी एकटीच गाठोडं घेऊन उतरले, त्यांच्या नावाने मनातल्या मनात चार शब्द बोलले, आणि मग माझ्याही लक्षात आलं की आत काय आहे. बोलायचा हक्क मला नव्हता.

आत होता माझा पहिला कॉम्प्युटर. घरगुती, टीव्हीला जोडायचा, कीबोर्डाच्या पोटातच सगळा संसार असलेला. त्याच्याबरोबर पत्र्याच्या डब्यातली हार्डडिस्क, दोन विटांएवढी. तिच्या झाकणावर कुंकवाची एक सरस्वती होती, पाटीवर काढतात तशी, एकाच्या आकड्यांनी बनलेली. कुंकू आता विटकरी झालं होतं. कोपऱ्यात बारीक भोक आणि शेजारी इंग्रजीत सूचना, हे भोक बुजवू नये. मी झाकण चटकन पालथं केलं. तीसहून अधिक वर्षं मी ते असंच पालथं ठेवलं होतं.

*

दसऱ्याला गिरणी आम्हा पोरांना आत घ्यायची. एरवी दाराशी भय्या उभा, पण त्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून, मला दोन वेण्या घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन थेट साचेखात्यात जायची. साचे बंद असायचे. बंद साच्यांची ती शांतता मला भारी वाटायची, कारण बाबांचे कान त्या आवाजानेच अर्धे गेले होते आणि घरी आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. हवेत कापसाचे तंतू तरंगत. ते आईच्या केसांत बसत आणि ती अचानक म्हातारी दिसायची. मी हसायचे.

बाबांचा साचा खिडकीपासून तिसरा. त्याला झेंडूचं तोरण, आंब्याच्या पानांचा टाळा, समोर नारळ. बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आपल्या साच्याला कुंकू लावायचे. एरवी भराभर चालणारा हात त्या वेळी इतका सावकाश चालायचा की मी कंटाळून पेढ्यांकडे बघत राहायचे. बोट कुठे टेकवायचं ते ते बराच वेळ शोधत असायचे. कशाला शोधतात, हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी आपल्याला पेढा कधी मिळणार एवढंच महत्त्वाचं असतं.

मग संप आला आणि दसऱ्याला पुजायला साचाच राहिला नाही. पहिल्या वर्षी बाबांनी आईचं शिवणयंत्र पुजलं. पुढल्या वर्षी स्टोव्ह, विळी, कात्री. एका वर्षी शेजाऱ्यांचा रेडिओ मागून आणला, तेव्हा आई म्हणाली, "आता लोकांच्या वस्तूंका पण कुकू लावणार?" बाबा प्रभादेवीला एका इमारतीत वॉचमन झाले होते. तिथे बसायला खुर्ची होती, पण हाताला काम नव्हतं. माणूस दमला नाही की त्याला झोप लागत नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

*

संपाला आठ-नऊ वर्षं झाली होती. मी गिरगावात एका कॉम्प्युटर क्लासात शिकता शिकता शिकवायला लागले होते. क्लासात नवी यंत्रं आली तेव्हा सरांनी जुना घरगुती कॉम्प्युटर माझ्या हाती दिला. "घेऊन जा, नाहीतर इथे झुरळं राहतील त्यात." मी तो टॅक्सीने आणला. आख्खा मजला दारात उभा राहिला. आमच्या दहा बाय बारात त्याला जागा मिळाली शिवणयंत्राच्या फळीवर. मिरच्या कांडायच्या दिवसांत लालबागची सगळी गल्ली शिंकते, म्हणून मी त्याच्यावर माझी ओढणी घालायचे. आई म्हणायची, "ही कोणाची सून आणलंस गो, पदर घेवन बसली ती?"

त्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मला ते खुपलं. मी ठरवलं की अक्षरं आपणच काढायची: सोळा चौकटी आडव्या, सोळा उभ्या, कुठली काळी आणि कुठली पांढरी ते ठरवायचं, आणि ओळीओळीने मशीनला सांगायचं. चौकटींचा कागद घेऊन मी 'अ' काढत बसले होते. तो अ कमी आणि खेकडा जास्त दिसत होता. बाबा ड्युटीवरून आले, चहाची बशी हातात घेऊन माझ्या खांद्यावरून बघत राहिले.

"ह्या किनारीचो कागद मगे," ते म्हणाले.

धोतराची किनार विणायची तर कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली सोडायचा, हे गिरणीत अशाच चौकटींच्या कागदावर मांडलेलं असायचं. बाबांनी बशी खाली ठेवली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि खेकड्याचे दोन पाय कापले. अ झाला. खरोखर झाला.

त्या दिवसापासून आमचा रिवाज पडला. ते ड्युटीवरून यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि कागद घेऊन स्टुलावर बसायचे. ते ओळ वाचत, मी बटणं दाबी. "वर, वर, खाली. खाली, वर. खाली, खाली, खाली." काळ्या चौकटीला वर, पांढरीला खाली. आवाज मोठा, कारण कान गेलेले. शेजारच्या खोलीतून विचारणा यायची, "काय जिना चढतायत काय बाबा?" एकेक अक्षर टीव्हीवर उमटलं की बाबा मान तिरपी करून बघायचे, ठाणातला कपडा उजेडाला धरून बघतात तशी. ळ ने आम्हाला तीन दिवस रडवलं. मी म्हटलं, ळ सोडून देऊ, कोणाला कळणार आहे? बाबा रागावले. "ळ नाय तर माळ कशी लिवणार? बाळ कसो लिवणार?" चौथ्या दिवशी ळ झाला. आईने त्या दिवशी शिरा केला.

मी बाबांना त्या चार-पाच महिन्यांत जितकी ओळखायला लागले तितकी आधी कधी ओळखत नव्हते. हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा वाटायचं, आपण अक्षरं काढतोय.

*

अक्षरं आम्ही कॅसेटवर साठवायचो. कॅसेट चिंचिं करत दहा-दहा मिनिटं चालायची आणि वर शेजारच्या मिक्सरने नाक खुपसलं की सगळं मुसळ केरात. मग मी लॅमिंग्टन रोडवरून ती हार्डडिस्क आणली. कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेली, चाळीस मेगाबाइट! आज तेवढ्यात फोनमधले दहा फोटो मावत नाहीत, पण तेव्हा मला ती ऐसपैस वाटली. त्या घरगुती कॉम्प्युटरला एवढी मोठी डिस्क कोणी जोडत नसे. मी आठवडाभर वायरींशी झगडून जोडली. चालू केली की ती आधी कण्हायची, मग सूर धरायची. बाबांना तो आवाज आवडला. कान डब्याला टेकवून ते म्हणाले, "आत काय तरी फिरता." किती वर्षांनी त्यांच्या जवळपास काही तरी फिरत होतं.

डिस्कवर पहिल्यांदा ठेवली ती आमची अक्षरं. मग मला हाव सुटली. एवढी जागा रिकामी कशी ठेवायची? दहा बाय बारात वाढलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. मी क्लासातून फ्लॉपीचा ड्राइव्ह उसना आणि पिशव्या भरभरून फ्लॉपी आणल्या. खेळ, चित्रं, गणितं, टायपिंगचे धडे, जे मिळेल ते डिस्कवर उतरवत गेले. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी टायपिंगच्या धड्यांची शेवटची फ्लॉपी उतरवली, कॉम्प्युटर बंद केला आणि अभिमानाने आईला सांगितलं की सगळं भरलं.

सकाळी अंघोळीला मी जरा उशिरा उठले. नळावरून परत आले तर खोलीत झेंडूचा वास. कॉम्प्युटरला तोरण, कीबोर्डावर अक्षता, समोर नारळ. बाबा धुतलेला सदरा घालून, डिस्कच्या झाकणावर ओल्या कुंकवाने सरस्वती काढत होते. एकाला एक जोडून, सावकाश. चेहरा मी साचेखात्यात पाहिलेला, तोच. बरं वाटलं मला, खरं सांगते.

मग मी कॉम्प्युटर चालू केला. डिस्क कण्हली, सूर धरला, आणि पडद्यावर आलं की डिस्कवर काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. अक्षरं नाहीत, काहीच नाही. माझी नजर गेली झाकणावरच्या बारीक भोकाकडे, आणि भोवतीच्या ओल्या कुंकवाकडे.

"भोकातून आत गेलं कुंकू!" मी ओरडले. "यंत्राला पाणी लावतात का? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? ही काय तुमची गिरणी आहे? गिरणी तर बुडालीच, आता माझं पण बुडवा!"

"अगो, बापाशी असा बोलतत?" आई दारातून म्हणाली.

बाबांनी बोटाचं कुंकू सदऱ्याला पुसलं. पांढऱ्या सदऱ्यावर तो डाग कायमचा राहिला, आईने किती घासला तरी.

*

त्यानंतर बाबांनी घरातल्या कुठल्याही यंत्राला हात लावला नाही. सुरुवातीला मला वाटलं रुसलेत, चार दिवसांत निवळतील. निवळले नाहीत, कारण रुसलेच नव्हते. त्यांनी ते मान्य केलं होतं. "माझ्या हाताक यश नाय," एवढंच एकदा आईला म्हणाले. ज्या माणसाने चालत्या साच्याचा तुटलेला धागा डोळे मिटून जोडला, तो मिक्सरचं बटण दाबेना. टीव्ही लावायला शेजारच्या पोरीला हाक मारी. फोन आला तर आई तो त्यांच्या कानाला लावायची. आई गेल्यावर मी ठरल्या वेळी शेजारच्या काकूंना फोन करते आणि त्या तो त्यांच्या कानाशी धरतात. मी कधी म्हटलंच नाही की बाबा, जाऊ द्या, झालं गेलं. म्हणायला हवं होतं. पण मला स्वतःलाही खात्री होती ना, की त्यांच्यामुळेच झालं.

आणि आता वडाळ्याला माझ्या बाजूच्या इमारतीत त्यांच्यासाठी घर घेतलं होतं, अकरावा मजला. ते एकच विचारत होते, "लिफ्टीचा बटण कोण दाबतलो?"

*

माळा आवरून झाल्यावर मी मसाल्याच्या फळ्या रिकाम्या करायला घेतल्या. डब्यांखाली आईने घातलेले कागद होते. एक ओढून काढला तर हळदीच्या गोल डागाखाली सोळा चौकटी आडव्या, सोळा उभ्या. ळ! पेन्सिलीचा, तीन वेळा खोडलेला. मी सगळ्या फळ्या उपसल्या. आईने एकही कागद टाकला नव्हता. ती काहीच टाकत नसे. मिरचीने लाल झालेला क, हिंगाचा वास लागलेला ह. अठ्ठावीस अक्षरं मिळाली. बाबा दारात बसून बघत होते, पण आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन मी माटुंग्याला वेंकटकडे गेले. वेंकट माझ्या पहिल्या ऑफिसातला मित्र, आता निवृत्त, जुने कॉम्प्युटर जमवतो. त्याच्या घरी बसायला जागा नाही, पण फिल्टर कॉफी मिळते. मी म्हटलं, मशीन चालू कर आणि याला नवी डिस्क लाव. अक्षरं परत भरायची आहेत.

त्याने नखाएवढं कार्ड काढलं, माझ्या जुन्या डिस्कच्या हजारो पट जागा असलेलं. ते एका छोट्या पट्टीत बसवलं, पट्टी मशीनला जोडली, आणि मग त्या एवढ्या मोठ्या जागेतला एवढासा तुकडा मशीनला दिला. बाकीचं सगळं बंद.

"एवढंच?" मी म्हटलं. "बाकीची जागा?"

"विसरून जा," वेंकट म्हणाला. "ह्या मशीनला बत्तीस मेगाबाइटपर्यंतच मोजता येतं. बत्तीस खोल्यांची चाळ आहे समज. तेहतिसावा पाहुणा आला की हे नाही म्हणत नाही. त्याला सरळ पहिल्या खोलीत घुसवतं. आधीचे राहणारे गेले बाहेर, आणि कोण कुठे राहतं ती यादीही त्याच खोलीत, तीही गेली. ना एरर, ना काही. आमच्यातल्या सगळ्यांचं एकदा तरी असं पुसलं गेलंय."

माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. चाळीसची डिस्क. बत्तीसपर्यंत मोजणारं मशीन. आणि मी, सगळं भरलं म्हणून आईला सांगणारी.

"वेंकट, ती जुनी वाचता येते का बघ ना. आत्ता."

त्याला अर्धी दुपार लागली. डिस्क कण्हली, आणि मग तिने तोच सूर धरला. आतून तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. वेंकटने तिच्या अगदी सुरुवातीला काय आहे ते पडद्यावर आणलं. पहिल्या खोलीत, जिथे आमचा अ राहत होता तिथे, टायपिंगचे धडे होते. शेवटची फ्लॉपी. आदल्या संध्याकाळची. कुंकू लागायच्या बारा तास आधीची.

मी ढसाढसा रडले. वेंकट बिचारा घाबरला, त्याला वाटलं डेटा गेला म्हणून. मी त्याला कसं सांगणार की डेटा कधी आणि कसा गेला तेच कळलं म्हणून इतकं मोकळं वाटतंय? छातीवर कोणी तरी तीस वर्षं पाटा ठेवला होता आणि तो उचलला, असं वाटलं. माटुंग्याच्या फुलबाजारातून जाताना मी झेंडूही घेतला. दसऱ्याला आठ दिवस होते, पण मला दम नव्हता.

*

लालबागला पोचले तेव्हा बाबा खाटेवर बसून बाहेरच्या उन्हाकडे बघत होते. मी मशीन त्यांच्यासमोर शिवणयंत्राच्या फळीवर ठेवलं, टीव्हीला जोडलं, आणि जुनी डिस्क आणि अक्षरांचे कागद त्यांच्या शेजारी खाटेवर ठेवले. ते सरकून बसले.

"बाबा, ऐका. तुमच्यामुळे नाही झालं ते. माझ्यामुळे झालं. मी जास्त भरलं, मशीनला मोजता आलं नाही, त्याने आपली अक्षरं पुसली. आदल्या संध्याकाळीच. तुम्ही कुंकू लावलंत तेव्हा ती आधीच गेली होती." कान गेलेले, म्हणून हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं. माफीही मी ओरडूनच मागितली, आणि ती आख्ख्या मजल्याने ऐकली. बरंच झालं, तेव्हाचं ओरडणंही त्यांनीच ऐकलं होतं.

बाबांनी शेजारच्या डिस्ककडे पाहिलं. मग म्हणाले, "भोकातसून कुकू गेला नव्हता?"

"नाही."

"कसा जायत? भोकार मी लावकच नव्हता. तेलाच्या भोकार कोण कुकू लावता? साच्याक तेल सोडतत ता भोक आधी बघूचा, मगे बोट टेकवचा. आमच्या खात्यातल्या शेंबड्या पोराकय ठावक होता ता."

मी झाकण खिडकीकडे वळवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. सरस्वतीच्या एकांची ओळ भोकाजवळ येऊन वळसा घालून गेली होती. भोकाभोवती आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा स्वच्छ, कोरी.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू शिकलली. तेव्हा तू म्हटलंस, माझ्या कुकवामुळे झाला." बाबांनी खांदे उडवले. "माका वाटला, आसात तसा."

मी त्यांचा हात धरून बसले. हात अजून खरखरीत आहे.

"कुकू हाड," ते म्हणाले.

"बाबा, दसऱ्याला अजून आठ दिवस आहेत."

"माझे तीस दसरे रवलेत."

मी आईच्या करंड्यातलं कुंकू वाटीत कालवून आणलं. झेंडू मशीनला वाहिला. बाबांनी वाटीत बोट बुडवलं आणि नव्या डिस्कची पट्टी वायरीसकट दुसऱ्या हातात घेऊन उजेडाला धरली. या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली.

"हेका भोक खंय आसा?"

"नाही बाबा. याच्या आत फिरणारं काहीच नाही."

"नाय?" त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं. मग पट्टीवरचा प्लास्टिकचा साधा भाग शोधून त्यांनी त्याच्या बरोबर मधोमध बोट टेकवलं. बोट पुसायला सदऱ्याकडे नेलं, पण पुसलं नाही. ते लाल बोट तसंच पुढे आलं आणि त्याने मशीनचं बटण दाबलं.

पडदा उजळला. बाबांनी खाटेवरचा हळदीच्या डागाचा कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि खच्चून ओरडले.

"लिव. खाली, खाली, वर."